दहा हजारांतील एक भाग : एका दूरच्या ग्रहाचे वातावरण

पावसाळा सरून आकाश निवळले म्हणजे आश्विनातील संध्याकाळी भारताच्या बहुतेक भागांतून तीन तेजस्वी तारे माथ्याच्या आसपास दिसू लागतात. अभिजित, श्रवण आणि हंस तारकासमूहातील डेनेब हे ते तीन तारे होत. त्यांना जोडून जो मोठा त्रिकोण कल्पिता येतो, त्याच्या आत जंबुक नावाचा मंद ताऱ्यांचा एक लहान समूह आहे. या समूहातील डंबेल अभ्रिका आकाशनिरीक्षकांच्या परिचयाची आहे. तिच्या अगदी शेजारी एक नारिंगी तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून मात्र दिसू शकतो.

या ताऱ्याला परंपरेने कोणतेही नाव दिलेले नाही. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने १९१८ ते १९२४ या काळात सव्वादोन लाख ताऱ्यांची एक प्रचंड सूची प्रसिद्ध केली. हेन्री ड्रेपर या ज्योतिर्विदाच्या स्मरणार्थ ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तीत या ताऱ्याचा अनुक्रमांक १८९७३३ असा आहे. म्हणून त्याला 'एचडी १८९७३३' असे म्हणतात. या सूचीतील ताऱ्यांचे वर्गीकरण मुख्यत: ॲनी जंप कॅनन या विदुषीने केले. आपण नोंदवीत असलेल्या या तारकेभोवती एक ग्रह फिरत असेल आणि त्या ग्रहावरील हवेची परीक्षा पुढील पिढ्या करतील, याची कल्पना त्या काळी कोणालाही येणे शक्य नव्हते.

तो ग्रह आज 'एचडी १८९७३३ बी' या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्यापासून तो सुमारे साडेचौसष्ट प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज तेथून जो प्रकाश आपल्याकडे येतो, तो निघाला तेव्हा आजचे वृद्ध लोक शाळेत जात होते. कोणत्याही दुर्बिणीला हा ग्रह ताऱ्यापासून वेगळा असा कधीही दिसलेला नाही. तरीही त्याचे वस्तुमान, आकार, तापमान, रंग, त्यावरील वारे आणि त्याच्या वातावरणातील वायू यांविषयी बरीच माहिती मिळाली आहे. न दिसणाऱ्या वस्तूची इतकी माहिती मिळाली कशी, आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावा, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ग्रहाचा शोध

इतर ताऱ्यांभोवती ग्रह असावेत ही कल्पना फार जुनी आहे. परंतु सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह मिशेल मेयर व दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी १९९५ साली शोधून काढला. महाश्व तारकासमूहातील त्या शोधासाठी त्यांना २०१९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे वेध दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हाँस वेधशाळेत घेतले गेले होते. जंबुकातील आपल्या ग्रहाचा शोधही २००५ साली त्याच वेधशाळेत, त्याच १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने लागला.

या शोधाची रीत समजण्यास कठीण नाही. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो. वस्तुत: ग्रह आणि तारा हे दोघेही त्यांच्या समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असतात. तारा फार जड असल्यामुळे त्याचे फिरणे अल्प असते, इतकेच. पाठीशी जड मूल बांधून गिरकी घेणारी स्त्री जशी जागच्या जागी थोडी डोलते, तद्वत ग्रहामुळे ताराही डोलतो. तो आपल्याकडे येत असताना त्याच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या निळ्या बाजूकडे सरकतात, आणि दूर जात असताना तांबड्या बाजूकडे. हे सरकणे मोजले असता असे आढळले की, हा तारा सेकंदाला सुमारे २०५ मीटर वेगाने पुढे-मागे हेलकावे खातो आणि त्याचा एक हेलकावा २ दिवस व सव्वापाच तासांत पुरा होतो. हेच त्या ग्रहाचे वर्ष होय. वेगाच्या या मापावरून ग्रहाचे वस्तुमान निघाले. ते आपल्या गुरूच्या १.१३ पट, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ३६० पट आहे.

ग्रह ताऱ्यापासून केवळ ४६ लक्ष किलोमीटरांवर आहे. आपल्या सूर्यमालेतील सर्वांत आतला ग्रह बुध हा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लक्ष किलोमीटर दूर असतो. गुरूएवढा अवाढव्य ग्रह आणून बुधाच्या कक्षेच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाइतक्या अंतरावर ठेवला तर जे चित्र होईल, ते येथे प्रत्यक्ष आहे. अशा ग्रहांना 'तप्त गुरू' असे सार्थ नाव मिळाले आहे.

दहा हजार भागांचा हिशेब

या ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत आहे, हे शास्त्रज्ञांचे भाग्यच म्हटले पाहिजे. त्यामुळे प्रत्येक फेरीत तो ताऱ्याच्या बिंबावरून जातो. ८ जून २००४ व ६ जून २०१२ या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना भारतातील हजारो विद्यार्थ्यांनी पाहिला. या घटनेला अधिक्रमण म्हणतात. शुक्राचा काळा ठिपका तेव्हा सूर्यबिंबाचा सुमारे सहस्रांश भाग झाकीत होता. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही. तो केवळ एक प्रकाशबिंदू असतो. परंतु अधिक्रमणाच्या वेळी त्याचा प्रकाश किंचित उणा होतो आणि ही तूट मोजता येते.

समजा, ताऱ्याच्या प्रकाशाचे आपण दहा हजार समान भाग केले. आपला ग्रह ताऱ्यासमोर आला म्हणजे त्यांपैकी सुमारे २४० भाग नाहीसे होतात आणि पावणेदोन तासांनी ते परत येतात. यावरून ग्रहाचा आकार लागलीच कळतो. त्याचा व्यास गुरूच्या व्यासापेक्षा थोडा अधिक आहे. वस्तुमान व आकार दोन्ही कळल्यावर घनता काढणे हे शाळेतील गणित होय. ती पाण्याच्या घनतेच्या आसपास येते. यावरून हा ग्रह दगडाचा नसून मुख्यत: हायड्रोजन व हेलियम या वायूंचा बनलेला आहे, असे ठरते. पाय ठेवावा अशी भूमी तेथे नाही.

आता खरा नाजूक भाग येतो. ग्रहाच्या भोवती वातावरण असेल तर त्याची कड पूर्ण अपारदर्शक नसणार. ताऱ्याचा थोडा प्रकाश त्या विरळ कडेतून गाळून आपल्याकडे येणार. ग्रहाची त्रिज्या सुमारे ८१ हजार किलोमीटर आहे आणि वातावरणाची ज्या उंचीने विरलता मोजतात ते माप सुमारे २०० किलोमीटर आहे. या आकड्यांवरून हिशेब केला असता असे दिसते की, वातावरणाच्या कडेमुळे पडणारा फरक हा ताऱ्याच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम एका-दोन भागांइतका असतो. या ग्रहाच्या वातावरणाविषयीच्या ज्ञानाचा बराचसा डोलारा या एका भागाच्या मोजमापावर उभा आहे.

रेषांची साक्ष

प्रयोगशाळेत ज्योतीवर मिठाचा कण टाकला असता ज्योत एकदम पिवळी होते, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेच असेल. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. उलट, पांढरा प्रकाश थंड सोडियम-वाफेतून जाऊ दिला तर ती वाफ नेमका तोच पिवळा रंग शोषून घेते आणि वर्णपटात त्या ठिकाणी काळ्या रेषा उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या व प्रत्येक संयुगाच्या रेषा ठरलेल्या असतात. त्या रेषा म्हणजे पदार्थाची स्वाक्षरीच होय.

या स्वाक्षऱ्या वाचण्याच्या इतिहासात भारतभूमीलाही स्थान आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्या तप्त वायूच्या आहेत हे ओळखले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेचे स्थान निश्चित केले. ती सोडियमच्या रेषांच्या निकट होती, परंतु त्यांच्याशी जुळत नव्हती. ती हेलियम या तोपर्यंत अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची होती. पृथ्वीवर हेलियम सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले. जवळची रेषा आणि तीच रेषा यांत भेद करणे किती महत्त्वाचे असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

जंबुकातील ग्रहाचे अधिक्रमण चालू असताना सोडियमच्या पिवळ्या रंगात ताऱ्याचा प्रकाश इतर रंगांपेक्षा किंचित अधिक उणा होतो, असे २००८ साली अमेरिकेतील टेक्सासमधील एका मोठ्या दुर्बिणीने दाखविले. म्हणजे त्या रंगात ग्रह थोडा मोठा दिसतो. कारण त्याच्या वातावरणातील सोडियम तो रंग अडवितो. दुसऱ्या एका तप्त गुरूवर असा सोडियम हबल अवकाश दुर्बिणीला आधीच सापडला होता. परंतु जमिनीवरून, म्हणजे आपल्या स्वत:च्या वातावरणाच्या पडद्याआडून, परग्रहाच्या हवेतील मूलद्रव्य ओळखण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पुढे २०१४ साली हबलच्या साहाय्याने पाण्याच्या वाफेची खूणही याच रीतीने पक्की झाली.

न मावळणारा दिवस

इतक्या जवळच्या ग्रहाला तारा स्वैरपणे फिरू देत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीने ग्रहाची स्वत:भोवतीची गती मंद होत जाते आणि शेवटी त्याची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे राहते. आपला चंद्र पृथ्वीला आपली एकच बाजू दाखवितो, त्याचे कारणही हेच आहे. त्यामुळे या ग्रहाच्या एका अर्ध्या भागावर अखंड दिवस असतो आणि दुसऱ्यावर अखंड रात्र.

अशा ग्रहाची रात्रीची बाजू गोठलेली आणि दिवसाची बाजू भट्टीसारखी असेल, असे कोणालाही वाटेल. याची परीक्षा स्पिट्झर या अवरक्त किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीने केली. उष्ण वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना आपल्याकडे कधी त्याची रात्रीची बाजू असते, तर कधी दिवसाची. त्याप्रमाणे येणाऱ्या एकूण उष्णतेत बारीक चढउतार होतात. ग्रह ताऱ्याच्या मागे दडला की त्याचा वाटा पूर्णपणे बंद होतो. या घटनेला पिधान म्हणतात. पिधानाच्या वेळी अवरक्त प्रकाशाच्या दहा हजार भागांपैकी सुमारे ३४ भाग नाहीसे होतात, म्हणजे तेवढी उष्णता ग्रहाची स्वत:ची असते. स्पिट्झरने सुमारे ३३ तास सतत वेध घेतले आणि २००७ साली त्यांवरून या ग्रहाचा तापमानाचा स्थूल नकाशा प्रसिद्ध झाला. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा अशा तऱ्हेचा तो पहिलाच नकाशा होता.

त्यात दोन गोष्टी अनपेक्षित होत्या. दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ९४० अंश सेल्सिअस भरले, तर रात्रीच्या बाजूचेही सुमारे ७०० अंश भरले. शिवाय सर्वांत तप्त जागा ताऱ्याच्या थेट समोर नसून पूर्वेकडे थोडी सरकलेली आढळली. या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच होता. दिवसाची उष्णता उचलून रात्रीकडे वाहून नेणारे प्रचंड वारे तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असले पाहिजेत.

हे केवळ अनुमान होते. २०१५ साली त्याला प्रत्यक्ष मापाचे बळ मिळाले. चिली देशातील ला सिया वेधशाळेच्या वेधांवरून इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी ग्रहाच्या दोन कडा वेगवेगळ्या मोजल्या. एका कडेवरील सोडियम आपल्याकडे येत होता, तर दुसरीवरील आपल्यापासून दूर जात होता. ग्रहाचे स्वत:भोवतीचे फिरणे वजा केल्यावर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर, म्हणजे ताशी सात हजार किलोमीटरांच्या पुढे निघाला. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर हाहाकार उडविणाऱ्या महाचक्रीवादळातील वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरांच्या आसपास होता. त्या वादळाशी तुलना केली म्हणजे या ग्रहावरील वाऱ्यांची थोडीफार कल्पना येते.

निळा रंग आणि एक सावधगिरी

२०१३ साली हबल दुर्बिणीच्या वेधांवरून या ग्रहाचा रंग प्रसिद्ध झाला. ग्रह ताऱ्यामागे दडताना निळ्या प्रकाशात दहा हजारांपैकी एका भागाहून किंचित अधिक तूट येत होती. हिरव्या प्रकाशात मात्र तशी तूट आढळली नाही. याचा अर्थ, ग्रह ताऱ्याचा निळा प्रकाश परत फेकतो आणि हिरवा बव्हंशी गिळून टाकतो. जवळ जाऊन पाहणे शक्य असते तर तो गडद निळा दिसला असता. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा खरा रंग मोजला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

निळा ग्रह म्हटला की आपल्या मनात पृथ्वीचे चित्र उभे राहते. अवकाशातून पृथ्वी निळी दिसते ती तिच्या महासागरांमुळे व वातावरणामुळे. मग या दूरच्या निळ्या ग्रहावरही समुद्र असतील काय? तेथील तापमान ध्यानात घेतले की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. ९४० अंशांवर पाण्याचा थेंबही द्रवरूपात टिकणार नाही. एकच रंग अनेक कारणांनी उत्पन्न होऊ शकतो, हा यातील बोध आहे.

या संदर्भात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२१ सालच्या सागरप्रवासाचे स्मरण होते. युरोपातून परत येत असताना भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून ते विचारात पडले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे, असे त्या काळी सामान्यपणे मानले जाई. रामन यांनी जवळच्या साध्या लोलकाने परावर्तित प्रकाश वगळून पाहिले, तरी निळा रंग कायम राहिला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रकाशाच्या विखुरण्याच्या याच अभ्यासातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांचा जगप्रसिद्ध शोध लागला. रंग पाहून समाधान न मानता त्याचे कारण तपासावे, हा धडा दूरच्या ग्रहालाही तितकाच लागू पडतो.

या ग्रहाचा निळेपणा त्याच्या उंच वातावरणातील अतिसूक्ष्म कणांच्या धुक्यामुळे येतो, असे मानले जाते. असे कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि सोडियमची वाफ त्यापलीकडचा पिवळा-हिरवा प्रकाश शोषते. हे कण कशाचे असावेत? जेथे सातशे ते हजार अंश तापमान आहे, तेथे आपल्या परिचयाचे बर्फाचे वा पाण्याचे ढग असू शकत नाहीत. खडकांतील खनिजे मात्र वाफ होऊन पुन्हा सूक्ष्म कणांच्या रूपाने गोठू शकतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या वेधांवरून २०२४ साली तेथील दिवसाच्या बाजूवर क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या, अतिसूक्ष्म कणांचे ढग असल्याची खूण मिळाली. नदीच्या वाळूत जो पदार्थ चमकतो, त्याचेच तेथे ढग बनतात. तेथे काचेचा पाऊस आडवा कोसळतो, असे वर्णन लोकप्रिय लेखांतून आढळते. ते ढगांच्या व वाऱ्यांच्या मापांवरून केलेले एक रंजक अनुमान आहे. पावसाचे मोजमाप कोणीही केलेले नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

खोडलेली नोंद

दहा हजारांतील एका भागावर हिशेब चालतो तेथे चूक होण्याचा संभवही मोठा असतो. या ग्रहाच्या इतिहासातील मिथेनचे प्रकरण त्या दृष्टीने मननीय आहे.

मिथेन हा कार्बन व हायड्रोजन यांचा वायू. दलदलीत, भातखाचरांत आणि गोबर-वायूच्या टाकीत तो तयार होतो. पृथ्वीच्या हवेतील बराचसा मिथेन सजीवांच्या व्यापारातून येतो. म्हणून परग्रहांवरील जीवनाच्या शोधात त्याला विशेष महत्त्व आहे. २००८ साली हबल दुर्बिणीवरील एका उपकरणाच्या वेधांवरून या ग्रहावर मिथेन असल्याचे जाहीर झाले. सूर्यमालेबाहेरील ग्रहावर सापडलेला तो पहिला कार्बनी रेणू म्हणून त्याची सर्वत्र वाहवा झाली. इतक्या उष्ण ग्रहावर जीवन असेल असे अर्थात कोणीच म्हटले नव्हते.

तीन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तेच वेध पुन्हा तपासले. उपकरणात स्वत:चेच काही बारीक चढउतार होते. ते वजा करण्याची रीत किंचित बदलली की वर्णपटातील खुणाही बदलत, असे त्यांना आढळले. ग्रहाची खूण कोणती आणि उपकरणाची कोणती, हे त्या वेधांवरून सांगता येणे कठीण होते. वाद काही काळ चालला. शेवटी त्याचा निकाल शब्दांनी न होता अधिक चांगल्या उपकरणाने झाला. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने या ग्रहाचे नव्याने वेध घेतले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड आहेत. मिथेन मात्र आढळला नाही. असलाच तर तो एक कोटी भागांत एका भागाहूनही कमी असला पाहिजे. रसायनशास्त्राशी हे सुसंगतच आहे; कारण इतक्या उष्णतेत कार्बनचा ओढा ऑक्सिजनशी जोडी जमविण्याकडे असतो.

याच वेधांत एक नवी नोंदही झाली. ती हायड्रोजन सल्फाइडची. कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हा वायू रसायनशाळेत किपच्या उपकरणातून काढतात. त्याचा वास एकदा घेतलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही. गुरू ग्रहावर हा वायू असल्याचे ठाऊक होते. परग्रहावरील गंधकाच्या या नोंदीमुळे तेथे जड मूलद्रव्यांचे प्रमाण किती आहे, याचा अंदाज करता आला. ते ताऱ्याच्या मानाने तीन ते पाच पट आहे. आपल्या गुरूची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. यावरून दोन्ही ग्रह मिळत्याजुळत्या रीतीने जन्मले असावेत, असा तर्क करण्यास आधार मिळतो.

एक नोंद खोडली गेली, दुसरी नव्याने लिहिली गेली. २००८ सालच्या संशोधकांची यात मानहानी झाली असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी आपले वेध खुले ठेवले होते, म्हणूनच दुसऱ्यांना ते तपासता आले. सावकाराच्या चोपडीत खाडाखोड दिसली तर संशय येतो. विज्ञानाच्या चोपडीत कारणासह केलेली खाडाखोड ही विश्वासाची खूण असते.

उडून जाणारी हवा

७ सप्टेंबर २०११ रोजी एका अवकाश उपकरणाने या ताऱ्यावर क्ष-किरणांचा मोठा उद्रेक झालेला टिपला. त्यानंतर सुमारे आठ तासांनी ग्रहाचे अधिक्रमण झाले आणि हबल दुर्बीण त्या वेळी अतिनील प्रकाशात वेध घेत होती. ग्रहाभोवती हायड्रोजनचा एक विस्तीर्ण पदर अवकाशात उडून जात असलेला तिला आढळला. सेकंदाला निदान एक हजार टन वायू ग्रहाला सोडून जात होता. एप्रिल २०१० मधील वेधांत मात्र असा पदर आढळला नव्हता. त्या उद्रेकामुळेच तो निर्माण झाला, असे एकाच प्रसंगावरून निश्चितपणे म्हणता येत नाही. परंतु ताऱ्याच्या लहरीप्रमाणे ग्रहाची हवा बदलते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

एक हजार टन हा आकडा मोठा वाटतो, पण ग्रहही तितकाच विशाल आहे. ही गळती शंभर कोटी वर्षे अखंड चालली, तरी त्याच्या वस्तुमानाचा एक टक्काही खर्ची पडणार नाही. लहान ग्रहाची गोष्ट निराळी. पृथ्वीसारख्या हलक्या ग्रहावर असा मारा दीर्घकाळ झाला तर त्याचे वातावरण पार नाहीसे होऊ शकते. म्हणून कोणत्या ग्रहाला आपली हवा टिकविता येते, हा प्रश्न जीवनाच्या शोधात फार महत्त्वाचा ठरतो.

पुढील वाट

भारतातील शास्त्रज्ञही या विषयात कार्य करीत आहेत. भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने राजस्थानातील माउंट अबू येथील गुरुशिखरावर ताऱ्यांचे हेलकावे मोजणारा 'पारस' हा वर्णपटलेखक उभारला. त्याच्या साहाय्याने २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर असलेला, पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा एक ग्रह निश्चित झाला. २०१९ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एक तारा व त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी दिली. तेव्हा भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला विश्वकिरणांच्या संशोधिका बिभा चौधरी यांच्यावरून 'बिभा' हे नाव मिळाले. त्याच्याभोवती जंबुकातील ग्रहासारखाच एक तप्त गुरू सव्वादोन दिवसांहून थोड्या कमी काळात फेरी घालतो. त्याचे नाव 'संतमस', म्हणजे झाकोळलेला, असे ठेवण्यात आले.

जंबुकातील ग्रहावर कोणी राहू शकणार नाही, आणि तेथे जाण्याची भाषाही व्यर्थ आहे. तरीही ज्योतिर्विद त्याच्याकडे पुन: पुन्हा वळतात. त्याचा तारा तेजस्वी आहे, ग्रह मोठा आहे आणि अधिक्रमण दर अडीच दिवसांच्या आत घडते. त्यामुळे नव्या रीतींची परीक्षा घेण्यास त्याच्याइतकी सोयीची पाटी क्वचितच मिळते. अवघड गणिताकडे जाण्यापूर्वी सोपी उदाहरणे सोडवावीत, तसेच हे आहे.

ते अवघड गणित किती अवघड आहे, हे एका हिशेबावरून दिसून येईल. दूरच्या एखाद्या निरीक्षकाने आपल्या सूर्यासमोरून पृथ्वीचे अधिक्रमण पाहिले, तर सूर्यप्रकाशाच्या दहा हजार भागांपैकी एकही पुरा भाग उणा होणार नाही. पृथ्वीच्या हवेच्या पातळ कडेमुळे पडणारा फरक तर एक कोटी भागांपैकी सुमारे दोन भागांएवढाच असेल. आपल्या समुद्रांची, वनांची, गावांची आणि माणसांची सारी खूण एवढ्या लहानशा तुटीत दडलेली आहे. अशा ग्रहावर जीवनाला अनुकूल हवा आढळल्याची वार्ता पुढे केव्हातरी येईल. त्या वेळी ती वाचणाऱ्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. किती भाग मोजले गेले? उपकरणाची स्वत:ची चूक किती होती? आणि दुसऱ्या कोणी तीच खूण निराळ्या रीतीने पाहिली आहे काय?

न दिसणाऱ्या एका निळ्या ग्रहाने गेल्या वीस वर्षांत हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली, हा त्याच्या अभ्यासाचा मोठा लाभ होय. आश्विनातील संध्याकाळी श्रवण व डेनेब यांच्यामधील त्या अंधाऱ्या भागाकडे पाहताना डोळ्यांना तेथे काही विशेष दिसणार नाही. परंतु दर सव्वादोन दिवसांनी तेथील एका ताऱ्याचे दहा हजारांपैकी २४० भाग नाहीसे होतात आणि पावणेदोन तासांनी परत येतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे.